१९६६ची शेवरोलेट सी-१० : आधी चाकं-टायर की आधी इंजिन? (मंचावरची चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

सहा सिलिंडर :

नमस्कार मंडळी. मामांची १९६६ची शेवरोलेट सी-१० पिकअप आता माझ्याकडे आली आहे. मामा गेल्यावर तीन वर्षं ती शेडमध्ये उभीच होती. लहानपणी मी तिच्या हौद्यात बसून खूप फिरलोय. मामांचं कोपर टेकून टेकून खिडकीच्या कडेचा रंग उडालाय, खालचा पत्रा दिसतो. ती जागा मी तशीच ठेवणार आहे. रंगाला हात लावायचा नाही हे ठरलंय. पण गाडी शोभेला ठेवायची नाहीये, रोज चालवायची आहे.

इंजिन २५० क्युबिक इंचाचं, सरळ सहा सिलिंडरचं. सिंगल बॅरल (हवेची एकच वाट असलेला) कार्ब्युरेटर, प्लगना ठिणगी वाटणारं पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर, स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर. चारही चाकांना ड्रम ब्रेक, हबला, म्हणजे चाक जिथे बसतं तिथे, सहा स्टड (बोल्ट). रिम १५ इंची, साडेपाच इंच रुंद. टायर २१५/७५ आर १५, नक्षी जवळजवळ नवी.

गाडी सुरू होते, पण आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) एका ठेक्यात झटका देते आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये खेचत नाही. माझा बेत असा : १५ बाय ८च्या रिम, त्यावर ३१ इंची टायर (३१ × १०.५), फोर बॅरल कार्ब्युरेटर, हेडर (एक्झॉस्टच्या वेगळ्या नळ्यांचा संच) आणि इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुढच्या वर्षी. रिम या आठवड्यात मागवायच्या म्हणतोय. बोल्टचं माप सहा स्टड, साडेपाच इंच धरलंय. काही चुकत असेल तर आत्ताच सांगा.

तेलकट हात :

माप बरोबर आहे. समोरासमोरच्या दोन स्टडच्या मध्यांतलं अंतर साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलीमीटर. तरीही रिम मागवू नका. निदान या आठवड्यात नको.

तुमच्या पोस्टमध्ये ब्रेकबद्दल एकच वाक्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९६६पर्यंतच्या या ट्रकना मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) एकाच खणाचा असे. चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच वाटेनं जातं. कुठेही एक रबरी नळी फुटली, चाकात ब्रेक-शू ढकलणाऱ्या एका व्हील सिलिंडरचा वायसर गेला, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दोन खणांचा मास्टर सिलिंडर १९६७च्या मॉडेलपासून आला.

माझी १९६४ची आहे. सहा-सात वर्षांपूर्वी उतारावर डाव्या मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर फुटला आणि पेडल फळीला जाऊन टेकलं. दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, पायाखाली काहीच नाही. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घातली, हँडब्रेक ओढत ओढत कडेच्या खडीच्या ढिगात नेऊन थांबवली. बंपर वाकला, माणसं वाचली. शेजारी माझी मुलगी बसली होती. त्या सिलिंडरच्या रबरी टोपीखाली कित्येक दिवस ओल येत असणार आणि मी कधी टोपी उचलून बघितली नव्हती. तुमची गाडी तर तीन वर्षं उभी होती. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि सिलिंडर आतून गंजतात. नळ्या बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून फुगून बंद होतात. मग ब्रेक सोडला तरी चाक धरून राहतं.

आता याचा रिमशी काय संबंध? दोन खणांचा मास्टर सिलिंडर तर बसवाच, त्यावर वाद नको. पण तो बसवताना पुढे डिस्क ब्रेक घ्यावेत असं तुम्हाला वाटणार, आणि वाटावंच. डिस्क ब्रेक सी-१०ला १९७१मध्ये आले आणि त्याच वर्षी हबचं माप बदललं : सहा स्टडऐवजी पाच, वर्तुळ पाच इंचाचं. १९७१-७२चा पुढचा अख्खा क्रॉसमेंबर (पुढची चाकं धरणारा आडवा सांगाडा) तुमच्या चेसिसला बोल्टनं बसतो, म्हणून बरेच जण तो मार्ग धरतात. तो धरलात तर पुढे पाच स्टड, मागे सहा. आज आणलेल्या चारपैकी दोन रिम भिंतीला लावून ठेवायच्या, आणि स्टेपनी एकतर पुढेच किंवा मागेच चालणार.

दुसरा मार्ग म्हणजे सहा स्टड राखून बसणारे डिस्क. तसे संच मिळतात. पण त्यातही जुन्या ड्रमच्या काळातल्या रिम कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) घासतात. म्हणून आधी ब्रेक ठरवायचे, मग हब, आणि रिम सगळ्यात शेवटी.

रिम घ्याल तेव्हा बॅकस्पेसिंग मोजून घ्या. रिम तोंडावर पालथी ठेवायची, मागच्या कडेवर सरळ पट्टी आडवी टाकायची आणि पट्टीपासून हबवर टेकणाऱ्या सपाट भागापर्यंतची खोली मोजायची. ७ इंची रिमला ही खोली ४ इंच आली तर चाक बरोबर मध्यावर बसतं. रिमची रुंदी सांगताना कडांची जाडी धरत नाहीत, म्हणून निम्मे साडेतीन न येता चार येतात. खोली कमी तितकं चाक बाहेर. बाहेर गेलेलं चाक दिसायला रुबाबदार, पण बाहेरच्या छोट्या बेअरिंगवर भार वाढतो आणि तुमचं स्टिअरिंग पॉवरचं नाही हे लक्षात असू द्या. गाडी उभी असताना साडेदहा इंची टायर वळवताना हात भरून येतील.

तोपर्यंत तीन गोष्टी कळवा : चारही ड्रम काढून आत काय दिसतं, टायरवरचा तारखेचा आकडा, आणि सहाही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब).

आठ अश्वशक्ती :

इतका खटाटोप करण्यापेक्षा ३५० क्युबिक इंचाचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ टाका ना. इंजिनाची जागा भरपूर आहे, सुटे भाग कुठेही मिळतात, आणि सहा सिलिंडरवर जेवढी मेहनत कराल तेवढ्यात दीडपट ताकद मिळेल.

सहा सिलिंडर :

व्ही-८चा विचार केला होता, खोटं बोलत नाही. पण मामा लांबून येताना त्या सहा सिलिंडरच्या आवाजावरून मामी चहा टाकायची. तो आवाज गेला तर माझ्यासाठी ती गाडी उरणार नाही. इंजिन हेच ठेवायचंय.

मागितलेली माहिती :

टायरवर १२०९. नक्षी खोल आहे, पण रिमजवळ बारीक भेगा आहेत.

ड्रम : पुढचे दोन्ही कोरडे. मागे उजवीकडे टोपी उचलली तर आत ओलं निघालं, ब्रेक-शूच्या खालच्या टोकाला काळा चिकट थर.

कॉम्प्रेशन, पीएसआयमध्ये : १३४, १३१, १३६, ९६, १३३, १३०. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला.

मागे डिफरन्शियल काय आहे ते असं बघितलं : टायरवर आणि शाफ्टवर खडूनं खूण केली, गाडी चाकाच्या एका फेरीइतकी सरळ पुढे ढकलली. शाफ्टच्या पावणेचारला थोड्या कमी फेऱ्या झाल्या.

तेलकट हात :

म्हणजे ३.७३. छान काम केलंत.

१२०९ म्हणजे २००९चा १२वा आठवडा. हे टायर काढाच. नक्षी गाडी न चालल्यामुळे शिल्लक आहे, रबर मात्र त्याच्या वयानं म्हातारं झालंय. भेगा रिमजवळ आहेत आणि भार पडल्यावर तो भागही वाकतो. उजवीकडचा व्हील सिलिंडर ओला आहे, म्हणजे डावा आणि पुढचे दोनही बदलायचे. एक बदलून तीन जुने ठेवायचे नाहीत.

आता ३१ इंची टायरचं बघू. तुमचा २१५/७५ आर १५ उंचीला साधारण २७.७ इंच भरतो. ३१ इंची लावलात तर चाक १२ टक्के मोठं. चाक मोठं झालं की डिफरन्शियल तितकंच ढिलं होतं. तुमचं ३.७३ रस्त्यावर ३.३३सारखं वागेल, म्हणजे चाकाला ओढ कमी. चढावर तिसऱ्यात खेचत नाही ही तुमची मूळ तक्रार, आणि पहिली खरेदी ती वाढवणारी. फोर बॅरलनं मिळवलेलं त्या टायरमध्ये जाईल.

२३५/७५ आर १५ घ्या, १५ बाय ७च्या रिमवर. उंची २८.९ इंच, वाढ चार टक्क्यांच्या थोडी वर. ताशी ९० किलोमीटरला आत्ता इंजिन मिनिटाला २५३० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, मग २४३०. एवढं चालतं. स्पीडोमीटर ६० मैल दाखवेल तेव्हा खरे साडेबासष्ट असतील हे लक्षात ठेवा. साडेपाच इंची जुन्या रिमवर मात्र हा टायर चढवू नका, त्याला कमीत कमी सहा इंच रुंदी लागते.

आणखी एक. हौद्यात वजन टाकणार असाल तर टायरवरचा लोड इंडेक्स (पेलणाऱ्या वजनाचा आकडा) बघा. १०५ म्हणजे एका टायरला ९२५ किलो. पण तो कारचा टायर असेल, आकड्याआधी पी लिहिलेला, तर पिकअपवर वापरताना त्या वजनाला १.१नं भागायचं. उरतात ८४० किलो. एलटी (लाइट ट्रक) लिहिलेल्या टायरला हा भागाकार लागत नाही, फक्त त्यात हवा जास्त दाबानं भरावी लागते.

जुना पंक्चरवाला :

मी टायरच्या कामात आयुष्य घालवलंय म्हणून एवढंच सांगतो. त्या जमान्यातल्या पिकअपच्या जुन्या रिम शोधताना साडेसोळा इंची रिम हाती लागते कधीकधी. त्यावर सोळाचा टायर चढवायचा प्रयत्न कुणी करू नये. टायर चढतो. हवा भरली की कड बसत नाही, माणूस दाब वाढवत जातो आणि टायर फुटतो. माणसं मेली आहेत त्यात. रिमवरचा आकडा घासून साफ करून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लॉकिंग रिंगची दोन तुकड्यांची रिम असेल तर घरी हातच लावू नका, ती पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची वस्तू आहे.

आणि रेडिअल आणि जुने नायलॉन टायर एका एक्सलवर कधीही एकत्र नको.

हेडवाली :

मी सिलिंडर हेडची कामं करते, म्हणून इंजिनाबद्दल मी बोलते.

तुमचं कार्ब्युरेटर, पॉइंट वगैरे सगळं बाजूला ठेवा. चौथा सिलिंडर बघा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्तीच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा असा साधा नियम आहे. १३६चे ७५ टक्के १०२ होतात आणि तुमचा ९६ आहे. ठेक्यात बसणारा झटका तिथूनच येतोय. चौथ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाका आणि पुन्हा मोजा. आकडा झपकन वर गेला तर पिस्टनच्या रिंगा. जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. हेड गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधे गेलं असतं तर शेजारचा तिसरा किंवा पाचवाही पडला असता, ते दोन्ही ठणठणीत आहेत. मग चौथ्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा आणि कान लावा. गाडी गिअरमध्ये आणि चाकांना दगड लावून, नाहीतर इंजिन फिरेल. फुसफुस कार्ब्युरेटरमध्ये आली तर इनटेक, सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट.

माझा अंदाज एक्झॉस्टचा आहे. ही इंजिनं शिशाच्या पेट्रोलच्या काळातली. शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मधे गादीसारखा काम करायचा. बिनशिशाच्या पेट्रोलवर, तेही भार ओढताना, कडक न केलेली एक्झॉस्ट सीट हळूहळू झिजून खाली बसते. व्हॉल्व्ह आत सरकतो, नीट मिटत नाही, मग जळतो.

हेड उतरवणार असाल तर मला तुमचा हेवा वाटतो, कारण या हेडमध्ये करण्यासारखं पुष्कळ आहे. बारकाईनं बघा : सिलिंडर सहा, पण इनटेकची तोंडं तीनच. पहिला-दुसरा, तिसरा-चौथा, पाचवा-सहावा असे जोडीनं एकेका तोंडातून श्वास घेतात. त्यावर कडी म्हणजे हेडचा एक बोल्ट थेट त्या वाटेच्या मधून खाली जातो आणि त्याच्याभोवती बिडाचा जाड खांब आहे. हवा येते ती त्या खांबावर आपटते. तो खांब काढून टाकायचा, बोल्टची बैठक खाली घ्यायची आणि वाटेच्या तळाला घडीव उंचवटा बसवायचा, म्हणजे हवा वळण घेऊन व्हॉल्व्हवर नीट उतरते. या कामाला लंप पोर्ट म्हणतात. तुमच्या इंजिनाला यानं जो फरक पडतो तो बाहेर लटकवलेल्या कुठल्याही चकचकीत वस्तूनं पडत नाही. सोबत कडक एक्झॉस्ट सीट, नवे गाइड, व्हॉल्व्ह स्टेमची सील. इतकं केलंत की पुढची कित्येक वर्षं हेड उघडायला नको.

फोर बॅरलचं गणित सांगते. क्युबिक इंच गुणिले आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), भागिले ३४५६. तुमच्यासाठी २५० × ४००० ÷ ३४५६ म्हणजे २८९, आणि इंजिन प्रत्यक्षात ८० टक्केच भरतं असं धरा. मिनिटाला २३१ घनफूट हवा झाली. लोक इथे ६००चा कार्ब्युरेटर बसवतात. मग खालच्या आरपीएमला हवेचा वेग इतका पडतो की पेट्रोल नीट ओढलंच जात नाही आणि चढावर, नेमक्या तुमच्या तक्रारीच्या जागी, इंजिन अडखळतं. ३९०चा छोटा फोर बॅरल पुरे, किंवा एखादा बरा टू बॅरल. टू बॅरलचे आकडे वेगळ्या दाबाला मोजलेले असतात, तेव्हा दोघांची तुलना आकड्यावर करू नका.

हेडरबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. तुमच्या इंजिनाचं इनटेक मॅनिफोल्ड एक्झॉस्टच्या डोक्यावर बसतं आणि त्याच्या आचेवर तापतं. हेडर लावला की ती आच गेली. गारठ्यात पेट्रोलची वाफ होत नाही, ते भिंतींना चिकटतं. म्हणून इनटेकच्या तळाशी रेडिएटरचं गरम पाणी फिरवायची प्लेट मिळते, ती लावणार असाल तरच हेडर घ्या.

सहा सिलिंडर :

ताई, तुमचा अंदाज खरा ठरला. ऑइल टाकून चौथा ९६वरून १०१ झाला, बस. हवा सोडली आणि सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला, फुंकर स्पष्ट लागली. मी बराच वेळ तसाच हात धरून बसलो होतो. इतके दिवस मी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत होतो.

हेड उतरवतोय. लंप पोर्ट आणि कडक सीट ठरलं. कॅमशाफ्टला हात लावू का? आणि डिस्ट्रिब्युटर?

हेडवाली :

कॅम या खेपेला नको. हेड नवं झाल्यावर इंजिन काय करतं ते आधी बघा. पुढे बदलाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात ठेवा. या इंजिनाला टायमिंग चेन नसते, गिअरला गिअर भिडतो, आणि कॅमचा गिअर फायबरचा असू शकतो. त्याचे दात बघून घ्या. दुसरं, याचे टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह उचलणारे तुकडे) सपाट तळाचे. नवा कॅम आणि नवे टॅपेट जोडीनंच, जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं ऑइल, आणि पहिल्यांदा सुरू झाल्याबरोबर २०-३० मिनिटं २०००च्या वर फिरतं ठेवायचं. त्या अर्ध्या तासात आयडलवर सोडलं तर कॅमचे उंचवटे झिजतात.

डिस्ट्रिब्युटर घ्या. जनरल मोटर्सचं एचईआय, म्हणजे त्यांचं इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर, याच इंजिनाला १९७५पासून येत होतं, ब्लॉकमध्ये सरळ उतरतं. पण त्याला पूर्ण १२ व्होल्ट लागतात. तुमच्या कॉइलला जाणारी तार रेझिस्टन्सची आहे, पॉइंट जळू नयेत म्हणून मुद्दाम व्होल्टेज पाडणारी. तिच्यावर एचईआय जोडलं तर गाडी सुरू होईल पण वरच्या आरपीएमला मिसिंग मारेल (ठिणगी चुकवेल), आणि तुम्ही पुन्हा कार्ब्युरेटर उघडून बसाल. इग्निशन स्विचपासून नवी जाड तार ओढा. प्लगची फट ०.०३५ इंचावरून ०.०४५ करा. फायरिंगचा क्रम १-५-३-६-२-४.

तेलकट हात :

मधे एक राहिलं. तुमची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे आहे. कार्ब्युरेटरचं काम करताना टाकीपासूनच्या सगळ्या रबरी नळ्या नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या टाका. जुनं रबर इथेनॉलनं मऊ पडून चिरतं, आणि इथे गळलं तर ते तुमच्या पाठीमागे गळणार.

सहा सिलिंडर :

दोन महिन्यांनी लिहितोय. उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं होतं.

ब्रेक : सहा स्टड राखले. कारण सांगायला हवं. मामांच्या चार छोट्या हबकॅप आहेत, मधे पोचे असलेल्या, आणि त्या बसतील अशाच रिम मला हव्या होत्या. पुढे सहा स्टडचे डिस्क, मागे ड्रम, नवे चार व्हील सिलिंडर... म्हणजे मागे दोन, पुढे आता कॅलिपर आहेत. दोन खणांचा मास्टर, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब वाटून देणारा), सगळ्या नळ्या नव्या.

रिम : १५ बाय ७, लोखंडी, बॅकस्पेसिंग ४ इंच. हबकॅप धरणारे उंचवटे रिमवर आहेत का हे विचारून घेतलं. घेण्याआधी एक रिम मागून आणून डिस्कवर चढवली आणि हातानं फिरवली, कॅलिपर आणि रिममध्ये करंगळी जाते. टायर २३५/७५ आर १५. अलाइनमेंट करताना रेडिअलसाठी कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) थोडा वाढवून घेतला, आता वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येतं.

इंजिन : हेड ताईंनी सांगितलं तसं. चौथ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका कडेला नखाएवढा जळालेला निघाला, तो जपून ठेवलाय. एचईआय बसवलं. कार्ब्युरेटर अजून जुनाच सिंगल बॅरल आहे. कॉम्प्रेशन आता १४१ ते १४५च्या दरम्यान.

तोच चढ, तिसरा गिअर. वरपर्यंत गेली.

एकच विचारायचंय. नट ८० किलोमीटरनंतर पुन्हा आवळले तेव्हा पुढच्या उजव्या चाकाचे दोन जवळजवळ पाव फेरी फिरले. काळजीचं आहे का?

जुना पंक्चरवाला :

नव्या लोखंडी रिमवर पहिल्यांदा असं होतं, नटाचा उतार रिमच्या रंगातून खाली बसतो. नट उतरत्या तोंडाचेच आहेत ना, एवढं बघा. ॲल्युमिनियमच्या रिमचे वायसरवाले सपाट नट यावर चालत नाहीत. आणखी ८० किलोमीटरनंतर परत बघा, ताऱ्याच्या क्रमानं (समोरासमोरचे नट आळीपाळीनं), टॉर्क पान्यानं. तेव्हाही फिरले तर चाक काढा आणि हबच्या तोंडावर रंग किंवा गंज अडकलाय का ते तपासा.

सहा सिलिंडर :

उतरत्या तोंडाचेच आहेत. रविवारी बघतो आणि इथे कळवतो.